भर समुद्रात तेलाची जहाजं साखळ्यांनी बांधून ठेवतात कशी? सांगली-साताऱ्याकडून नेहमी येणारे प्रश्न

आपल्याकडे समुद्र नाही, पण पलूस, तासगाव, वाळवा, कराड, पाटण या पट्ट्यातली पोरं जहाजांवर आणि ऑफशोअरला आहेत. माझं काम समुद्रात कायम उभ्या असणाऱ्या तेलसाठ्याच्या जहाजांच्या साखळ्यांचं. गावी आलो की लग्नाच्या मांडवात, पारावर, कॉलेजच्या कट्ट्यावर तेच ते प्रश्न येतात. प्रत्येकाला तुकड्यातुकड्यात सांगण्यापेक्षा सगळं एकदाच लिहून ठेवतो. नोकरीचंच बघायचं असेल तर खाली शेवटचे प्रश्न वाचा. मुलाखतीला जाणार असाल तर मात्र मधलं सोडू नका, तिथलंच विचारतात.

हे जहाज म्हणजे टँकरच ना? मग ते कुठं जात का नाही?

दिसायला टँकरच, आणि बऱ्याचदा खरोखरच जुना टँकर. त्याला गोदीत नेतात, डेकवर यंत्रं चढवतात, साखळ्यांची सोय करतात आणि तेलक्षेत्रावर नेऊन बांधून टाकतात. मग पुढची पंधरा-वीस वर्षं ते तिथंच राहतं. यात दोन प्रकार आहेत. एफएसओ फक्त तेल साठवतं आणि दुसऱ्या टँकरला देतं. एफपीएसओ विहिरीतून आलेलं कच्चं तेल, पाणी आणि वायू वेगळं करतं, मग साठवतं आणि मग देतं. जगातलं पहिलं एफपीएसओ ‘शेल कॅस्टेलॉन’. ते १९७७ मध्ये स्पेनच्या किनाऱ्यापासून दूर भूमध्य समुद्रात कामाला लागलं.

आकाराचा अंदाज हवा असेल तर, या कामासाठी बदललेले मोठे टँकर साधारण ३३० मीटर लांब आणि ६० मीटर रुंद असतात. पोटात वीस लाख बॅरल, म्हणजे जवळपास ३२ कोटी लिटर तेल मावतं. एवढं धूड वारा, लाटा आणि प्रवाह यांच्यात एका जागी धरून ठेवायचं, हा या पानाचा विषय.

पाइपलाइन टाकून तेल सरळ किनाऱ्यावर का आणत नाहीत?

जिथं परवडतं तिथं आणतातच. मुंबई हाय १९७४ मध्ये सापडलं, १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. पाइपलाइन नव्हती तोवर तेल टँकरनंच किनाऱ्याला यायचं, नंतर उरणपर्यंत समुद्राखालून नळ आला. क्षेत्र मोठं असलं आणि वर्षानुवर्षं तेल देणार असलं की नळाचा खर्च निघतो.

क्षेत्र लहान असलं, दूर असलं किंवा पाणी फार खोल असलं की हिशेब बदलतो. तिथं जहाज नेऊन उभं करायचं आणि तेल संपलं की साखळ्या सोडून दुसरीकडं न्यायचं. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर ओएनजीसीच्या डी-१ आणि क्लस्टर-७ या क्षेत्रांवर अशी जहाजं आली. पूर्व किनाऱ्यावर कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या खोल पाण्यातल्या ९८/२ या ब्लॉकमधून ७ जानेवारी २०२४ रोजी पहिलं तेल निघालं, तेही एफपीएसओवरच. आपल्या घाटावरून जाणारी कृष्णा ज्या समुद्राला मिळते तिथलीच ही गोष्ट, म्हणून सांगलीत हे सांगितलं की लोक जरा कान देतात.

नांगर टाकला की झालं ना?

नाही. हा गैरसमज सगळ्यात जास्त आहे, अगदी इंजिनिअरिंगच्या पोरांतही.

चालत्या जहाजाचा नांगर तात्पुरता असतो. बंदरात जागा मिळेपर्यंत किंवा हवा निवळेपर्यंत थांबायला. मोठ्या टँकरचा एक नांगर पंधरा-वीस टनांचा असतो, तरीही त्याची साखळी आणि तो ओढणारं यंत्र ठरवताना जे नेहमीचे नियम लावतात त्यात वारा सेकंदाला २५ मीटर धरलाय, प्रवाह सेकंदाला अडीच मीटर, आणि लाटा धरलेल्याच नाहीत. आडोशाच्या जागेसाठीचं ते गणित आहे. शिवाय पाणी ८०-१०० मीटरच्या पुढं गेलं की नेहमीचं जहाज नांगर टाकायला धजत नाही, कारण तो परत वर ओढता आला पाहिजे. हवा बिघडली तर कप्तान नांगर उचलतो, इंजिन चालू करतो आणि खोल समुद्रात निघून जातो.

तेलसाठ्याच्या जहाजाला सहसा अशी पळून जायची मुभा नाही. त्याच्या पोटाला समुद्रतळावरून आलेले नळ जोडलेले असतात, त्यांना रायझर म्हणतात. जहाज ठरल्यापेक्षा जास्त सरकलं तर रायझर फाटणार. म्हणून इथं एकाऐवजी आठ, दहा, बारा साखळ्या चहूबाजूंना पसरतात, आणि शंभर वर्षांत एखाद्याच वेळी येईल अशा वादळाचा वारा, लाट आणि प्रवाह धरून त्यांचं गणित मांडतात.

साखळी केवढी असते?

कॉलेजात बोलायला गेलो तर मी आधी फळ्यावर एक कडी खऱ्या मापात काढतो. १२० मिलिमीटर जाडीची साखळी घ्या. म्हणजे ज्या सळईची कडी वळवली ती सळईच मनगटाच्या दुप्पट जाड. एका कडीची लांबी ७२ सेंटिमीटर, वजन सव्वाशे ते दीडशे किलो. एक मीटर साखळी भरते साधारण तीनशे किलो. चांगल्या प्रतीच्या पोलादाची, आर-४ म्हणतात ती असेल, तर तुटायला १,३०० टनांहून जास्त ओढ लागते.

प्रत्येक कडीला वेल्डिंगचा जोड असतो. कारखान्यातच साखळी ठराविक भारानं ताणून बघतात, तेव्हा कड्या एकमेकींत जिथं टेकतात तिथं थोड्या चेपून बसतात. ही चेपलेली जागा लक्षात ठेवा, पुढं एका अपघातात तिचं नाव येणार आहे.

मग एवढी दणकट साखळी घट्ट ताणून का बांधत नाहीत?

सगळ्या विषयाचं मर्म या प्रश्नात आहे.

लाट जेव्हा दोन-तीन लाख टनांचं जहाज उचलते तेव्हा तिला कुठलीही साखळी अडवू शकत नाही. अडवायला गेलात तर साखळी तुटेल किंवा जहाजाचा पत्रा उचकटेल. त्यामुळं लाटेबरोबर जहाजाला वरखाली, पुढंमागं हलू द्यायचंच. साखळ्यांनी झगडायचं ते सावकाश रेटणाऱ्या जोराशी: वाऱ्याचा सलग दाब, प्रवाह, आणि लाटांच्या मालिकेतून येणारा तो मंद ढकला, जो मिनिट-दोन मिनिटांनी जहाज एका अंगाला नेतो आणि परत आणतो.

म्हणून साखळी सैल सोडतात. ती जहाजापासून झोळासारखी खाली येते, तळाला टेकते आणि पुढं बराच पल्ला तळावर पडून राहते. टोकाला नांगर. जहाज वाऱ्यानं सरकलं की तळावरची साखळी कडी-कडीनं उचलली जाते. जितकी उचलली तितकं तिचं वजन जहाजाला मागं खेचतं. वारा पडला की साखळी परत तळावर निजते आणि जहाज जागेवर येतं. ताकद इथं पोलादाच्या वजनातून येते. अजून एक फायदा म्हणजे टोकाच्या नांगराला ओढ नेहमी आडवी बसते. गाळात रुतणारा नांगर आडव्या ओढीनं आणखी खोल जातो आणि वरच्या ओढीनं निघून येतो. म्हणून शेवटचा पट्टा तळावरून कधीच उचलला जाऊ नये, इतकी लांबी ठेवतात.

यातून एक उलटी वाटणारी गोष्ट निघते. उथळ पाणी सोपं नसतं, अवघड असतं. मुंबईच्या समुद्रात खोली ऐंशी-नव्वद मीटरच्या आसपास. झोळाला उंचीच कमी, त्यामुळं साखळी पटकन ताठ होते आणि धक्के बसतात. म्हणून तिथं साखळी खोलीच्या दहापट, कधी त्याहूनही लांब पसरावी लागते. नव्यानं रुजू झालेल्या इंजिनिअरला हे पटायला थोडा वेळ लागतो.

आणि पाणी हजार-दोन हजार मीटर खोल असेल तर?

तिथं पूर्ण साखळी लावली तर तिच्याच वजनानं जहाज खाली ओढलं जाईल. म्हणून मधला मोठा भाग पॉलिएस्टरच्या दोरखंडाचा करतात, वरचं आणि खालचं टोक तेवढं साखळीचं. ब्राझीलच्या पेट्रोब्रासनं १९९० च्या दशकात ही पद्धत रुळवली. दोर पाण्यात जवळजवळ वजनहीन असतो आणि थोडा ताणला जातो. इथं झोळ नाही, दोर तिरका ताठ असतो आणि त्याचं ताणलं जाणंच जहाजाला सांभाळतं.

ओढ तिरकी वर आली म्हणजे साधा नांगर चालत नाही. मग सक्शन पाइल वापरतात. वरून बंद आणि खालून उघडं असं पोलादी नळकांडं, काही मीटर व्यासाचं. ते तळावर उभं ठेवलं की वजनानं थोडं रुततं. मग आतलं पाणी पंपानं बाहेर काढायचं. आतला दाब कमी झाला की बाहेरच्या समुद्राचा दाबच त्याला गाळात ढकलतो. हातोडा नाही, ठोकाठोक नाही. काढायचं असेल तर उलटं पाणी भरायचं. किर्लोस्करवाडीच्या आसपास ज्यांचा पंपांत हात बसलाय त्यांना हे एका वाक्यात कळतं.

जहाज एकाच दिशेला तोंड करून उभं असतं का?

ते समुद्रावर अवलंबून. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मोठी लाट वर्षभर जवळपास एकाच दिशेनं, दक्षिण-नैर्ऋत्येकडून येते. तिथं जहाजाच्या चारी कोपऱ्यांना साखळ्या बांधून टाकतात. आपल्याकडं वारा ऋतूप्रमाणं फिरतो, मोसमी वारे एकीकडून आणि वादळ दुसरीकडून. आडव्या अंगावर लाट घेतली तर जहाज भयंकर लोळतं आणि साखळ्यांवर जोरही कितीतरी जास्त येतो.

पावसाळ्यात हरिपूरच्या संगमावर होडी पुढच्या टोकाला एकाच दोरानं बांधलेली पाहिली असेल. पाणी जिकडून येईल तिकडं ती आपोआप नाक करते. इथंही तेच करायचं असतं, पण साखळ्या दहा आणि त्या तळाला पसरलेल्या, जहाज फिरलं तर सगळ्यांचा पीळ होईल. त्यावर उपाय टरेट. जहाजाच्या नाकाजवळ एक उभा पोलादी दंडगोल बसवतात, सगळ्या साखळ्या त्याला बांधतात आणि भलं मोठं बेअरिंग लावून जहाज त्याच्याभोवती मोकळं फिरू देतात. दंडगोल स्थिर, जहाज फिरतं. तेलाचे आणि वायूचे नळही या टरेटमधूनच वर येतात आणि स्विव्हल नावाच्या फिरत्या सांध्यातून जहाजाला मिळतात. स्विव्हलचं सील गळणं हे आमच्याकडचं रोजचं डोकेदुखीचं काम.

इंजिन आणि जीपीएस लावून जागेवर धरता येत नाही का?

येतं. ड्रिलशिप, म्हणजे समुद्रात विहिरी खोदणारी जहाजं, तसंच करतात. पण वीस वर्षं रात्रंदिवस इंधन जाळून उभं राहणं कुणाला परवडत नाही.

साठलेलं तेल बाहेर कसं नेतात?

दुसरा टँकर येतो. बहुतेक वेळा तो साठ्याच्या जहाजाच्या मागं, रांगेत उभा राहतो. दोघांमध्ये जाड दोर असतो, त्याला हॉजर म्हणतात. टँकरच्या बाजूला घासलं जाणारं टोक साखळीचं असतं, ७६ मिलिमीटरची, आणि ती टँकरच्या पुढच्या डेकवरच्या स्टॉपरमध्ये अडकते. मागून एक टग, म्हणजे जहाजं ओढणारी छोटी ताकदवान बोट, टँकरला उलट्या दिशेनं हलकं ओढून धरतो, म्हणजे तो पुढं येऊन धडकत नाही. तरंगत्या होजमधून, म्हणजे लवचिक नळीतून, तेल जातं, त्याला सुमारे एक दिवस किंवा थोडा जास्त वेळ लागतो. होजमध्ये मध्येच एक जोड असा असतो की ओढ प्रमाणाबाहेर गेली तर तो आपणहून सुटतो आणि दोन्ही तोंडं बंद होतात.

किनाऱ्याजवळ हीच कल्पना उलटी वापरतात. गुजरातेत कच्छच्या आखातात वाडीनार, सिक्का, मुंद्रा इथं समुद्रात मोठे बोये, म्हणजे तरंगते पोलादी पिंप, साखळ्यांनी बांधलेत. परदेशातून आलेला अवाढव्य टँकर किनाऱ्याला येऊच शकत नाही, भरल्यावर तो वीस-बावीस मीटर पाण्यात बुडालेला असतो. तो बोयाला नाक बांधतो आणि समुद्राखालच्या नळातून तेल रिफायनरीकडं जातं. आपल्या टाकीत पडणाऱ्या पेट्रोलचा काही भाग अशा एखाद्या बोयावरून आलेला असतो. त्या आखातात भरती-ओहोटीचा फरक पाच-सहा मीटर आणि प्रवाह जोरात, त्यामुळं टँकर दिवसातून कितीदा तरी तोंड फिरवतो.

एखादी साखळी तुटली तर?

तुटू शकते हे धरूनच आराखडा करतात. सगळ्या साखळ्या शाबूत असताना साखळीची तुटण्याची ताकद वादळातल्या जास्तीत जास्त ओढीच्या किमान १.६७ पट ठेवतात. एक तुटली असं धरून पुन्हा गणित करतात, तेव्हा उरलेल्यांत ती किमान १.२५ पट राहिली पाहिजे. कागदावर हे फार समाधानकारक दिसतं.

फेब्रुवारी २०११ मध्ये उत्तर समुद्रात ‘ग्रिफन अल्फा’ या एफपीएसओच्या दहापैकी चार साखळ्या वादळात तुटल्या. एक तुटली, जहाजाचं नाक वाऱ्यावरून ढळलं, आडव्या अंगावर वारा-लाट आली आणि मग बाकीच्या गेल्या. जहाज जागेवरून सरकलं, समुद्राखालच्या नळ्यांचं मोठं नुकसान झालं. जीव कुणाचा गेला नाही, पण उत्पादन दोनेक वर्षं बंद राहिलं. ‘एक तुटली तरी चालेल’ हे गणित जहाजाचं तोंड वाऱ्याकडं आहे असं धरून केलेलं असतं, ही गोष्ट तिथं सगळ्यांना नीट कळली.

दुसरं प्रकरण मला जास्त शिकवून गेलं. अंगोलाच्या गिरासोल क्षेत्रात तेल देण्यासाठीचा बोया होता. २००२ मध्ये, बसवून वर्षही झालं नव्हतं, त्याच्या साखळ्या तुटल्या. वादळ नाही, काही नाही. नेहमीच्या गणितात साखळी म्हणजे मोकळ्या कड्या, वाकायला अडचण नाही असं धरलेलं. पण ओढ जास्त असली की त्या चेपलेल्या जागी दोन कड्या घर्षणानं एकमेकींत घट्ट बसतात आणि एकसंध सळईसारख्या वागतात. बोया लाटेवर डुलला की स्टॉपरजवळची कडी वळायच्या ऐवजी वाकते. रोज हजारो वेळा वाकते, आणि एक दिवस तडकते. त्यानंतर हे वाकणं वेगळं मोजायची पद्धत आली. मोठ्या वादळापेक्षा मला या अशा रोजच्या बारीक हालचालींची धास्ती जास्त वाटते.

वादळाची सूचना आली की काय करतात? (हा प्रश्न घरच्यांचा असतो)

सरळ उत्तर देतो. काही जहाजांचा टरेट सुटणारा असतो. चक्रीवादळ येणार म्हटलं की विहिरी बंद करायच्या, नळ रिकामे करायचे, साखळ्यांसकट टरेटचा खालचा भाग पाण्यात सोडून द्यायचा आणि जहाज स्वतःच्या इंजिनानं निघून जायचं. तो भाग ठराविक खोलीवर तरंगत राहतो, परत येऊन जोडता येतो. ज्यांचा टरेट सुटत नाही ती जहाजं जागेवरच वादळ काढतात, त्यांच्या साखळ्यांचं गणितच त्यासाठी केलेलं असतं. गरजेबाहेरची माणसं आधीच हेलिकॉप्टरनं किनाऱ्यावर आणतात.

१७ मे २०२१ चं तौक्ते वादळ आपल्याकडं सगळ्यांना आठवतं. त्यात पी-३०५ हा बार्ज बुडाला, २६१ माणसं होती, सत्तरहून जास्त गेली. लोक त्याची आणि तेलसाठ्याच्या जहाजाची सरमिसळ करतात. पी-३०५ हा राहण्याचा बार्ज होता. तो कामापुरता नांगर टाकून उभा राहणारा, स्वतःचं इंजिन नसलेला, टगनं ओढून न्यायचा. नांगर सुटले, बार्ज वाहत जाऊन एका प्लॅटफॉर्मवर आदळला, तळ फुटला. कायमच्या साखळ्यांवर उभं असणारं जहाज आणि तात्पुरत्या नांगरांवर उभा असणारा बार्ज यांत केवढा फरक आहे, हे वर लिहिलंच आहे. बार्जचं खरं संरक्षण एकच, वेळेत आडोशाला जाणं. सूचना हातात असताना तो निर्णय लांबला, याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून मुलगा कुठल्या जहाजावर चाललाय हे विचारताना पगाराच्या आधी एवढं विचारा: ते बार्ज आहे की एफपीएसओ, आणि पावसाळ्यात कुठं असतं?

या साखळ्या समुद्रात टाकतात कोण आणि कधी?

अँकर हँडलिंग बोटी. या बोटींचा मागचा डेक सपाट, मागच्या टोकाला मोठा रोलर आणि विंच शेकडो टन ओढणारी. जहाज यायच्या आधीच एकेक नांगर आणि साखळी जागेवर टाकतात, ओढून बघतात आणि टोक तळावर सोडून ठेवतात. मग जहाज येतं, तीन-चार टग त्याला चारी बाजूंनी धरतात आणि साखळ्या समोरासमोरच्या जोडीनं वर ओढून स्टॉपरमध्ये बसवतात. ओढ बरोबर आहे का हे पाण्याशी साखळीचा कोन किती आहे त्यावरून कळतं. डेकवर त्या वेळी जी शांतता असते ती फक्त कामाची. ताणलेली वायर किंवा साखळी सुटली तर तिच्या आवाक्यातला माणूस वाचत नाही.

पश्चिम किनाऱ्यावर हे सगळं फेअर सीझनमध्ये, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मे. पावसाळ्यात जमत नाही.

पाण्याखालची साखळी तपासतात कशी?

आरओव्हीनं, म्हणजे दोरीला बांधलेलं, कॅमेरा लावलेलं, वरून चालवायचं यंत्र. आधी साखळीवरचं शेवाळ आणि शिंपले पाण्याच्या फवाऱ्यानं काढायचे, मग कडीची जाडी मोजायची. सगळी साखळी सारखी झिजत नाही. तीन जागा नेहमी वाईट असतात: स्टॉपरजवळची कडी, पाण्याच्या पृष्ठभागाजवळचा पट्टा जिथं हवा आणि खारं पाणी आलटून पालटून लागतं, आणि तळाला जिथं साखळी सारखी उचलते-आपटते. गंज वर्षाला मिलिमीटरच्या दशांशांत जातो. वीस वर्षांचा हिशेब करा म्हणजे साखळी गरजेपेक्षा जाड का घेतात ते कळेल.

डीएनव्ही, एबीएस, आपलं इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग अशा वर्गीकरण संस्था दर पाच वर्षांनी मोठी तपासणी मागतात. चांगली कंपनी त्याची वाट बघत नाही. साखळी तुटल्याचा पत्ता काही ठिकाणी पुढच्या तपासणीपर्यंत लागलेला नाही, असंही जगात घडलंय. म्हणून आता कोन आणि ओढ सतत मोजणारी उपकरणं बसवतात. ती बिघडली की दुरुस्तीचा खर्च कोण करणार यावर बैठका होतात, हा वेगळा विषय.

लॉकडाऊनमध्ये समुद्रात तेलाचे टँकर रांगेनं उभे होते म्हणे. ते हेच का?

नाही, ती व्यापाऱ्यांची साठवण. एप्रिल २०२० मध्ये मागणी कोसळली, जमिनीवरच्या टाक्या भरत आल्या. २० एप्रिलला अमेरिकेतल्या वायद्याचा भाव बॅरलला उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. पुढं भाव चढेल म्हणून लोकांनी टँकर भाड्यानं घेऊन तेल भरून ठेवलं. ते टँकर साध्या नांगरावर उभे होते किंवा सावकाश फिरत होते. हळद शीतगृहात ठेवून भावाची वाट बघणाऱ्या सांगलीच्या बाजाराला यात नवल वाटू नये.

देशाचा आणीबाणीचा साठाही अशा जहाजांत असतो का?

नाही. तो विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पादूर इथं जमिनीखाली खडकात कोरलेल्या गुहांत आहे. एकूण क्षमता ५३.३ लाख टन.

एवढं तेल, एक ठिणगी पडली तर?

टाकीत तेलाच्या वर जी मोकळी जागा असते तिथं हवा ठेवतच नाहीत. बॉयलरचा धुतलेला, थंड केलेला धूर किंवा तसाच निष्क्रिय वायू भरतात आणि ऑक्सिजन आठ टक्क्यांच्या खाली ठेवतात. त्यात आग धरत नाही. ही यंत्रणा चालू राहिली पाहिजे, ही अट मात्र मोठी आहे.

जहाज जुनं झालं आणि कुणी बघितलंच नाही तर?

तसं झालंय. ‘एफएसओ सेफर’ हा १९७६ मध्ये तयार झालेला टँकर, येमेनच्या रास इसा इथं तांबड्या समुद्रात १९८० च्या दशकाअखेरीपासून कायमचा उभा केलेला. २०१५ नंतर युद्धामुळं देखभाल थांबली. पोटात अकरा लाख बॅरलहून जास्त तेल. बॉयलर बंद पडल्यावर निष्क्रिय वायूही बंद. मे २०२० मध्ये इंजिनखोलीत समुद्राचं पाणी शिरलं, पाणबुड्यांनी तात्पुरतं ठिगळ लावलं. जहाज फुटलं असतं तर तांबड्या समुद्रातली मासेमारी, प्रवाळ आणि खारं पाणी गोडं करणारे प्रकल्प सगळं अडचणीत आलं असतं.

शेवटी संयुक्त राष्ट्रांनी पैसे जमवून दुसरा टँकर विकत घेतला, आणि २५ जुलै ते ११ ऑगस्ट २०२३ या दिवसांत तेल त्यात उपसून घेतलं. पैसे जमवायला लागलेला वेळ उपशाच्या कैक पट होता. बांधलेलं जहाज उभं दिसतंय म्हणजे ठीक आहे असं धरून चालत नाही, हे मी नव्या पोरांना सेफरचे फोटो दाखवून सांगतो.

या क्षेत्रात यायला काय शिकावं?

एकच रस्ता नाही. साखळ्यांचं गणित करायचं असेल तर नेव्हल आर्किटेक्चर किंवा ओशन इंजिनिअरिंग. आयआयटी मद्रास, आयआयटी खरगपूर, कोचीनचं विद्यापीठ इथं ते आहे. सांगलीच्या वालचंद कॉलेजातून सिव्हिल किंवा मेकॅनिकल करणाऱ्यांनाही दार उघडं आहे, फक्त कंपनं आणि फायनाइट एलिमेंट विश्लेषण या विषयांत कच्चे राहू नका आणि ऑर्काफ्लेक्स हे सॉफ्टवेअर हाताखालून घाला.

जहाजावर चढायचं असेल तर डिप्लोमा, आयटीआयवाल्यांनाही जागा आहे: पंप, व्हॉल्व्ह, इन्स्ट्रुमेंट, इलेक्ट्रिकल. कुपवाड-मिरजेच्या एमआयडीसीत वेल्डिंग शिकलेल्यानं ६-जी पोझिशनची (तिरक्या, न फिरवता येणाऱ्या नळाच्या वेल्डिंगची) परीक्षा काढली तर त्याला मागणी आहे. उंचीची भीती नसेल तर रोप अ‍ॅक्सेसचं, म्हणजे दोरावर लटकून काम करायचं, इराटा प्रमाणपत्र घ्या. हा मला आत्ता तरी सगळ्यात कमी खर्चात दार उघडणारा रस्ता वाटतो.

पोहता यावंच लागतं का?

आलेलं बरं. कृष्णाकाठच्या पोरांना बहुतेक येतंच. खरी परीक्षा असते हेलिकॉप्टर पाण्यात उलटं झाल्यावर त्यातून बाहेर पडायची. तलावात खुर्चीला पट्टा बांधून उलटं करतात. पट्टा आधी सोडायचा नाही, आधी खिडकी हातानं धरायची, मग पट्टा. घाबरणारे चांगले पोहणारेही यात गोंधळतात.

एजंट दोन-तीन लाख मागतो. द्यावेत का?

नाही. भारतीय खलाशांची भरती करणाऱ्या संस्थेकडं नौवहन महासंचालनालयाचा (डीजी शिपिंग) आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा, परवाना लागतो, आणि नोकरी लावण्यासाठी उमेदवाराकडून पैसे घ्यायला त्यांना परवानगी नाही. परवाना क्रमांक महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा. एजंटनं पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर जाऊ नका. कोर्सची फी वेगळी, ती संस्थेच्या खात्यात पावतीसह भरायची. ‘आधी दुबईला जा, सीडीसी (खलाशाची सरकारी नोंदवही) मागून येईल’ असं कुणी म्हणालं तर तिथंच उठा. जमीन गहाण ठेवून गेलेल्यांना परत आणायला किती खेटे पडतात ते मी गावात पाहिलंय.

सुट्टी कशी असते? द्राक्षाच्या छाटणीला येता येतं का?

मुंबईच्या समुद्रात ओएनजीसीच्या कायम कर्मचाऱ्यांची पाळी चौदा दिवस काम, चौदा दिवस घर अशी असते. एफपीएसओवर बहुतेक ठिकाणी चार-चार आठवडे. कंत्राटी कामगारांचं यापेक्षा बरंच लांबतं आणि ते करारात लिहिलेलं असतं किंवा मुद्दाम लिहिलेलं नसतं. सही करायच्या आधी रोटेशन आणि सुट्टीतला पगार, दोन्ही लेखी घ्या. ऑक्टोबरच्या छाटणीला यायचं ठरवलं असेल तर बदली माणूस वेळेवर चढेल याची खात्री जूनमध्येच करा. ऑक्टोबरात बंगालच्या उपसागरात वादळं असतात, हेलिकॉप्टर चार-चार दिवस उडत नाही, आणि बागेला दुसरा माणूस ठरवून ठेवलेला बरा.